भुजादंडाच्या पोटातील गाळ

अंतर्ज्वलन एंजिनाच्या पुनर्बांधणीत भुजादंडाची, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील क्रँकशाफ्टची, स्वच्छता हे दुय्यम काम समजण्याची प्रथा आहे. रॉकेलने धुऊन लख्ख पुसलेला दंड पाहून समाधान वाटते हे खरे. परंतु एंजिनाचा घात करणारी घाण पुष्कळदा पृष्ठावर नसून दंडाच्या पोटात असते. १९५९ साली बाजारात आलेल्या ट्रायंफ बॉनव्हिल टी-१२० या मोटारसायकलीचे एंजिन हे याचे उत्तम उदाहरण होय.

या ६४९ घनसेंटिमीटरच्या एंजिनात दोन्ही दट्टे एकाच वेळी वरखाली होतात. त्यामुळे दोन्ही क्रँकपिना एका रेषेत येतात व त्यांच्या आतून एक लांबट पोकळी काढलेली असते. पंपाकडून आलेले तेल या पोकळीत बसविलेल्या नळीच्या वाटेने संयोगदांड्यांच्या धारव्यांना मिळते. मूळ रचनेत तेलासाठी केवळ तारेच्या जाळ्या होत्या. बारीक कण त्यांतून सहज निसटत. ते पोकळीत अडकावेत, अशी ही योजना. दट्ट्याची धाव ८२ मिलिमीटर, म्हणून क्रँकपिनेचा मध्य अक्षापासून ४१ मिलिमीटरांवर असतो. मिनिटास ६,००० फेरे होत असता तेथील प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या सुमारे १,६५० पट भरतो. तेलाहून जड असलेले कण अक्षापासून दूरच्या भिंतीवर फेकले जाऊन तेथे थरावर थर चढतो. योजना चोख आहे. मात्र गाळ साठविणारी जागा कधीतरी भरणारच. ती भरली की तेलाची वाट अरुंद होते आणि धारवे कोरडे पडू लागतात.

म्हणून पोकळीच्या तोंडाचे आट्यांचे बूच काढलेच पाहिजे. ते ठोकून पक्के केलेले असल्याने हट्टी असते. शिवाय फ्लायव्हीलचा एक बोल्ट नळीला जागेवर धरून ठेवतो. तो आधी न काढता नळी ओढणारा मनुष्य नळीच मोडून बसतो. नळी निघाल्यावर प्रत्येक तेलछिद्रातून ब्रश फिरवावा, रॉकेलने धुवावे व दाबाच्या हवेने फुंकून काढावे. कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात पोलादी दंड निभावतो, पण याच एंजिनाचे संयोगदांडे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असून ते त्यात खाल्ले जातात. दोन्ही एकाच पातेल्यात टाकण्याची चूक महागात पडते.

मोजमाप स्वच्छतेनंतरच करावे. ज्वलनाचा मोठा भार पिनेच्या ठराविक बाजूवरच येत असल्याने ती सर्वत्र सारखी झिजत नाही. तेव्हा मायक्रोमीटरने परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी, आणि दोन्ही टोकांशी, व्यास घ्यावा. झीज मर्यादेबाहेर असल्यास दंड घासून कमी मापाचे धारवे बसवितात. घासताना पिनेच्या गळ्याशी असलेली गोलाई जशीच्या तशी राहिली पाहिजे. तेथे तीक्ष्ण कोपरा राहिला तर प्रतिबल एकवटते आणि वारंवारच्या भाराने तडा तेथूनच सुरू होतो. दिसण्यात निर्दोष असलेला दंडही चुंबकीय चाचणीस लावावा, तो याचसाठी.

घासाईनंतर पुन्हा सर्व छिद्रे धुणे अपरिहार्य आहे. घासदगडाचे कण धारव्याच्या मऊ अस्तरात रुततात आणि तेथून पिनेला कानशीप्रमाणे कोरतात. तेलाचा पापुद्रा त्यांच्यापुढे फारच पातळ असतो. शेवटी नळी व बूच बसवून, बूच पक्के करून, तेलाच्या प्रवेशद्वारातून तेलदाणीने स्वच्छ तेल दाबावे. ते दोन्ही पिनांच्या छिद्रांतून सारखे पाझरताना दिसेपर्यंत संयोगदांडे जोडू नयेत.