गायरानातील भूछत्रे
(नभोवाणीवरून झालेले भाषण)



मृगाच्या दोन-चार सरी कोसळल्या, जमीन चांगली भिजली आणि वर थोडे ऊन पडले, की गायरानात, बांधावर, वारुळाच्या कुशीत रातोरात भूछत्रे उभी राहतात. त्यांच्याविषयी आपल्या घरांतून आजवर एकच प्रश्न विचारला जात असे: 'हे खाण्याजोगे आहे काय?' कोकणात व गोव्यात वारुळावरच्या अळंबीची वाट वर्षभर पाहणारी कुटुंबे आहेत, आणि 'कुत्र्याची छत्री' एवढेच नाव देऊन सरसकट सर्व भूछत्रांना दूर ठेवणारीही पुष्कळ आहेत. अलीकडे मात्र एक निराळाच प्रश्न तरुण मंडळींच्या तोंडी ऐकू येऊ लागला आहे: 'शेणावर उगवणारी आणि खाल्ल्यावर नाना रंगांचे भास घडविणारी अळंबी ती हीच काय?' या प्रश्नाचे उत्तर वनस्पतिशास्त्रज्ञ कसे शोधतात, आणि केवळ नजरेने ते देऊ पाहणाराची फसगत कोठे होते, हे आज सांगावयाचे आहे.

आरंभी एक जुना वृत्तान्त ऐका. १७९९ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. लंडन शहरातील एका गृहस्थाने सकाळी ग्रीन पार्क नावाच्या उद्यानातून लहान लहान भूछत्रे वेचून आणली. तो त्याचा नेहमीचाच परिपाठ होता. ती शिजवून त्याने व त्याच्या बायकामुलांनी न्याहरीला खाल्ली. सुमारे तासाभराने त्याच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके व रंगांच्या चमका दिसू लागल्या. मदत आणण्यासाठी तो घराबाहेर पडला. परंतु थोडे अंतर चालून जातो तो आपण कोठे व कशासाठी निघालो, याचेच त्याला विस्मरण झाले. आठ वर्षांचा मुलगा एकसारखा हसत सुटला आणि आईबापांच्या धाकानेही त्याचे हसू आवरेना. मध्येच भान हरपे, पुन्हा हसू लोटे. एव्हरार्ड ब्रँड नावाच्या वैद्याने या कुटुंबावर उपचार केले व सर्व हकीकत टिपून वैद्यकीय मासिकाकडे धाडली. सुदैवाने सर्व जण बरे झाले.

आज शास्त्रज्ञ या प्रसंगातील भूछत्राला 'सायलोसायबे सेमिलान्सिएटा' असे म्हणतात. युरोपातील गवताळ कुरणांत ते शरद ऋतूत उगवते. त्या गृहस्थाला नशेची मुळीच इच्छा नव्हती. न्याहरीसाठी तो साधी अळंबी वेचीत होता. रोजच्या परिचयाच्या जागी, रोजच्या परिचयाच्या वस्तूसारखीच दिसणारी दुसरी वस्तू त्याच्या टोपलीत आली, एवढेच घडले. भूछत्रांच्या बाबतीतील बहुतेक सर्व अनर्थांचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

आता गायरानातील शेणाकडे वळू. आपण जिला अळंबी म्हणतो, ती वस्तुतः एका मोठ्या जीवाचे केवळ फळ होय. त्या जीवाचे खरे शरीर म्हणजे माती, कुजलेले लाकूड अथवा शेण यांत पसरलेले पांढऱ्या तंतूंचे जाळे. शेणावर वाढणाऱ्या जातींचा क्रम मोठा कौतुकाचा आहे. छत्रातून सुटलेले सूक्ष्म बीजाणू गवतावर पडतात. अनेक जातींत ते चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात जातात, पचनातून निभावून शेणाबरोबर बाहेर येतात आणि आयत्या खतात रुजतात. शेणाचा पो म्हणजे त्यांचे शेतच. तंतूंचे जाळे त्या शेणात पुरते पसरले आणि वर पावसाची ओल मिळाली, म्हणजे छत्रे वर येतात.

या शेणजीवी भूछत्रांत सर्वांत प्रसिद्ध झालेली जात म्हणजे 'सायलोसायबे क्युबेन्सिस'. हिचा पहिला शास्त्रीय नमुना क्यूबा बेटावर अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. एस. अर्ल यांनी गोळा केला व १९०६ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. जातीच्या नावातील 'क्युबेन्सिस' हा शब्द त्या बेटावरूनच आला. पुढे असे दिसून आले, की उष्ण कटिबंधातील गुराढोरांच्या कुरणांतून ही जात पृथ्वीवर दूरवर पसरली आहे. आपल्या देशातही, विशेषतः दक्षिणेकडे, ती आढळते.

मेक्सिकोतील वाहाका प्रांताच्या डोंगराळ भागात माझातेक लोक अशा भूछत्रांचा उपयोग रोगनिदानाच्या व प्रार्थनेच्या रात्रविधीत करीत आले आहेत. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकातच या प्रथेची नोंद केली होती. त्यांच्या पवित्र भूछत्रांपैकी बहुतेक रानातील मातीत उगवणारी. शेणावर उगवणाऱ्या जातीला मात्र त्यांनी 'सान इसिद्रो' या शेतकऱ्यांच्या ख्रिस्ती संताचे नाव दिले आणि तिला इतरांहून कमी मान दिला. मेक्सिकोत गाईबैल आले तेच मुळी स्पॅनिश लोकांबरोबर, हे ध्यानी घेतले म्हणजे या नावाचे नवल वाटत नाही. १९५५ साली गॉर्डन वॉसन हे न्यूयॉर्कचे बँक-अधिकारी वाउत्ला गावी मारिया सबिना या स्त्रीने चालविलेल्या विधीस बसले व १९५७ साली त्यांनी तो अनुभव एका लोकप्रिय साप्ताहिकात प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी मेक्सिकोतील भूछत्रांतून मूळ द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव 'सायलोसायबिन'. शरीरात गेल्यावर त्याचे 'सायलोसिन' बनते, आणि मेंदूवर परिणाम घडतो तो त्याचाच.

असो. इतिहास येथेच ठेवून मुख्य प्रश्नाकडे येऊ. शास्त्रज्ञ या भूछत्रांची पारख चार अंगांनी करतात: स्थान, आकृती, बीजाणूंचा रंग आणि जखमेचा रंग. या चारही खुणा खऱ्या आहेत. तथापि एकेकटी घेतली असता त्यांतील प्रत्येक खूण दगा देते.

पहिली खूण स्थानाची. 'शेणावर उगवले, म्हणजे तेच' असा एक समज आहे. परंतु एकाच गायरानात, किंबहुना शेणाच्या एकाच पोवर, अनेक जाती नांदतात. पॅनिओलस वर्गातील बारीक देठाची करडी छत्रे तेथे असतात. त्यांतील काही मादक आहेत, पुष्कळशी नाहीत. दोन दिवसांत शाईसारखी काळी होऊन विरघळणारी छत्रे तेथेच असतात. शिवाय शेण मातीत मिसळून गेले, म्हणजे भूछत्र शेणातून आले की शेजारच्या मातीतून, हे वरून पाहून सांगता येत नाही.

दुसरी खूण आकृतीची. क्युबेन्सिस जातीचे छत्र कोवळेपणी घंटेसारखे असते, पुढे पसरट होते. मध्यभागी सोनेरी तपकिरी व कडेला फिकट. देठावर पातळ पडद्याचे वलय राहते. वर्णन कानाला किती निश्चित वाटते! परंतु पाऊस लागला की रंग धुपतो, ऊन लागले की छत्र सुकून तडकते, वलय गळून पडते, आणि कोवळे व जून छत्र एकाच जातीची आहेत हेही ओळखू येत नाही. चित्रातील भूछत्र नेहमी भर वयातले असते. कुरणातील भूछत्रावर तसे बंधन नाही.

तिसरी खूण बीजाणूंची, आणि ही अधिक भरवशाची. देठ कापून छत्र कागदावर उपडे ठेवावे, वर वाटी झाकावी. काही तासांनी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, छत्राखालच्या पडद्यांमधून गळलेल्या बीजाणूंचा ठसा कागदावर उमटतो. क्युबेन्सिसचा ठसा गडद जांभळट तपकिरी, पॅनिओलसचा काळा, गॅलेरिना या प्राणघातक जातीचा गंजासारखा तांबूस, तर 'मृत्युछत्र' म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या अमॅनिटाचा पांढरा. या ठशाने कित्येक विषारी जाती बाजूस पडतात, हे खरे. परंतु जांभळट तपकिरी ठसा उमटविणाऱ्या जातीही अनेक आहेत. जांभळट, तपकिरी आणि गंजाचा रंग यांतील अंतर दिव्याच्या उजेडात भल्याभल्यांना कळत नाही. म्हणून तज्ज्ञ मनुष्य येथे न थांबता बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, त्यांचा आकार मोजतो आणि हल्ली जनुकीय परीक्षाही करतो.

चौथी खूण सर्वांत लोकप्रिय व म्हणूनच सर्वांत धोक्याची. सायलोसायबिन असलेली पुष्कळशी भूछत्रे दाबली अथवा कापली असता निळी पडतात. याचे कारण जर्मनीतील येना येथील संशोधकांनी २०१९ साली उलगडले. जखम होताच भूछत्रातील एक विकर सायलोसायबिनचे सायलोसिन करते, दुसरे त्याचे भस्मीकरण घडवून अनेक रेणू एकमेकांस जोडते आणि निळा रंग तयार होतो. परंतु निळे पडणे हा याच द्रव्याचा मक्ता नव्हे. छत्राखाली पडद्यांऐवजी बारीक छिद्रे असणाऱ्या बोलीट वर्गातील अनेक जाती अगदी निराळ्या द्रव्यांमुळे क्षणार्धात निळ्या होतात, आणि त्यांत 'सैतानाचे बोलीट' हे विषारी भूछत्रही येते. उलटपक्षी, लंडनच्या त्या कुटुंबाला भोवलेली जात कित्येकदा निळी पडतच नाही.

आता चुकीची किंमत काय, ते पाहू. गवताळ मैदानांत व कुरणांत 'क्लोरोफायलम मोलिब्डायटिस' नावाचे मोठे, पांढरे, देखणे छत्र उगवते. ते आपल्याकडेही आढळते. कोवळेपणी त्याचे पडदे पांढरे असतात, जून झाल्यावर हिरवट होतात, आणि ठसाही हिरवट उमटतो. ते खाल्ल्यास काही तासांतच ओकाऱ्या व जुलाब यांनी माणूस गळून जातो. उत्तर अमेरिकेत भूछत्रांच्या विषबाधेचे हे एक नेहमीचे कारण आहे. तरी पण यातून माणूस बहुधा वाचतो.

गॅलेरिनाची गोष्ट निराळी. १९८१ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, व्हिडबी बेटावर, काही तरुणांनी मादक भूछत्रे समजून गॅलेरिना खाल्ली व त्यांतील एक मुलगी प्राणास मुकली. गॅलेरिनात आणि मृत्युछत्रात 'अमॅटॉक्सिन' नावाची विषे असतात. ती शिजविल्याने अथवा वाळविल्याने नष्ट होत नाहीत. त्यांचा कावा असा, की पहिले सहा ते बारा तास, क्वचित त्याहूनही अधिक काळ, काहीच होत नाही. मग तीव्र ओकाऱ्या व जुलाब होतात. ते थांबले की रोग्यास बरे वाटू लागते, घरचे लोक निःश्वास सोडतात. आणि नेमक्या त्याच वेळी आतून यकृताचा नाश चाललेला असतो. सौम्य विष लवकर बोलते आणि मारक विष उशिरा बोलते, असा साधारण नियम येथे समजण्यास हरकत नाही.

या संकटावर लोकांनी काही सोपे उपायही कल्पिले आहेत. चांदीचे नाणे भांड्यात टाकावे, ते काळे पडले नाही तर भूछत्र निर्धोक. लसूण घालावी, तिचा रंग पालटला नाही तर निर्धोक. किड्यांनी अथवा गोगलगायींनी खाल्लेले असेल तर निर्धोक. यांतील एकही परीक्षा खरी नाही. अमॅटॉक्सिनाने चांदी काळी पडत नाही, आणि ज्या मृत्युछत्रावर गोगलगाय सुखाने चरते, त्याने माणूस मरतो.

येथे कोणी म्हणेल, की तज्ज्ञाने पारख करून दिली तर मग भय कसले? भूछत्र तेच ठरले, तरी त्यात द्रव्य किती, हे नावावरून कळत नाही. एकाच कुरणातील दोन छत्रांत त्याचे प्रमाण निरनिराळे असते. प्रमाण न कळता घेतलेल्या द्रव्याने भीती, गोंधळ व विवेकाचा लोप होऊन अपघात घडू शकतात, आणि ज्यांच्या घराण्यात बुद्धिभ्रंशाचा विकार आहे त्यांना तर विशेष धोका असतो. खिन्नतेच्या दुर्धर विकारावर सायलोसायबिनचे प्रयोग चालू आहेत, ही गोष्ट खरी. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून अधिकृत मानसरोगतज्ज्ञांना त्याचा उपयोग करण्याची मुभाही मिळाली. परंतु तेथे द्रव्य शुद्ध व मोजलेले असते, रोगी आधी पारखलेला असतो, आणि वैद्यकीय देखरेख अखंड असते. गायरानात यांपैकी एकही गोष्ट नसते. आपल्या देशात सायलोसायबिन व सायलोसिन ही दोन्ही द्रव्ये १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या अनुसूचीत आहेत, हेही विसरू नये.

तेव्हा कुटुंबवत्सल श्रोत्यांना चार गोष्टी सुचवितो. मुलांना भूछत्रे अवश्य दाखवावीत. नुसत्या स्पर्शाने विषबाधा होत नाही. त्यांचे ठसे घ्यावेत, चित्रे काढावीत. पावसाळ्यातील सुटीचा याहून चांगला उपयोग क्वचितच होईल. परंतु हात धुतल्याशिवाय तोंडाकडे नेऊ देऊ नयेत, आणि ज्याची पारख जाणत्याने केलेली नाही असे रानातील भूछत्र स्वयंपाकघरात आणू नये. कोणी चुकून खाल्लेच, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. घरच्या घरी ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ दवडू नये. उरलेले भूछत्र मुळासकट कागदात गुंडाळून बरोबर न्यावे, आणि खाल्ल्याची वेळ नीट लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी. त्याच पानावर जेवलेल्या इतरांनाही, त्यांना काही होत नसले तरी, सोबत न्यावे. आणि मुलाने मित्रांच्या संगतीने मुद्दाम काही खाल्ल्याचे कळले, तर त्या घटकेला रागे भरू नये. धाकाने तो खरे लपवील, आणि त्याने काय व केव्हा खाल्ले हे समजण्यावरच त्याचे प्राण अवलंबून असतील.