सरकारी कागदाचा हवाला कसा द्यावा?



गेल्या सत्रात श्रीमंत सयाजीराव महाराजांवरचे तुमचे तक्ते शाळेच्या भिंतीवर लागले, तेव्हा एक अडचण उभी राहिली. एका तक्त्यावर लिहिले होते, बडोदे संस्थानात शिक्षण सक्तीचे झाले १८९३ साली. शेजारच्या तक्त्यावर सन होता १९०६. एका आजोबांनी विचारले, "ह्यातले खरे कोणते?" दोन्ही गटांचे उत्तर एकच, "पुस्तकात आहे." कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर, हे कोणालाच सांगता आले नाही. मुलांना बोल लावण्याआधी आम्ही आमचे जुने अंक चाळले. आम्हीही सन छापला होता आणि आधार दिला नव्हता!

खरे पाहता दोन्ही सने बरोबर आहेत. १८९३ मध्ये अमरेली व आसपासच्या काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. तो पाहून १९०६ मध्ये साऱ्या संस्थानासाठी कायदा झाला. आधार लिहिला असता तर एक प्रयोगाचे वर्ष आणि दुसरे कायद्याचे, हे तिथेच कळले असते. हवाला देतात तो विद्वत्ता दाखवण्यासाठी नव्हे. पुढच्या माणसाला तोच कागद काढून आपले म्हणणे पडताळता यावे म्हणून.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता. १९१२ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. पण कायदेमंडळाचे कामकाज छापलेले असल्यामुळे गोखले काय म्हणाले हे आजही वाचता येते.

आता पद्धत पाहू. कथा-कादंबरीला एक लेखक असतो. सरकारी अहवालावर पुष्कळदा कोणाचेच नाव नसते. अशा वेळी ज्या सरकारने किंवा खात्याने तो काढला, तोच लेखक समजावा. मग क्रमाने लिहावे: शीर्षक, खंड व भाग, छपाईचे ठिकाण व वर्ष, आणि शेवटी पृष्ठ. नाव छापलेले असेल तर तेही द्यावे. उदाहरणार्थ: बडोदे संस्थान, 'गॅझेटियर ऑफ द बरोडा स्टेट', गोविंदभाई देसाई व ए. बी. क्लार्क, खंड १, १९२३, पृष्ठ अमुक.

चार गोष्टींत चूक होते. पहिली, अहवाल ज्या वर्षाचा असतो त्याच वर्षी छापला जातो असे नाही. १९३१ च्या खानेसुमारीचा बडोद्याचा अहवाल १९३२ मध्ये छापला गेला. म्हणून दोन्ही वर्षे लिहावीत. दुसरी, जुनी नावे बदलू नयेत. कागदावर 'बरोडा स्टेट' असेल तर 'वडोदरा' करू नये. 'सुभा' असेल तर 'कलेक्टर' करू नये. तिसरी, कायद्याला पृष्ठापेक्षा कलम महत्त्वाचे. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, कलम ३, एवढे लिहिले की कोणत्याही प्रतीत ते सापडते. चौथी, मूळ कागद न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून उतारा घेतला असेल तर ते प्रामाणिकपणे सांगावे: "अमुक पुस्तकातून उद्धृत". इंटरनेटवर पाहिला असेल तर पत्ता आणि पाहिल्याची तारीख लिहावी. दप्तरातला हस्तलिखित कागद असेल तर कचेरी, विभाग, फाईल क्रमांक आणि कागदावरची तारीख द्यावी.

हे सारे करायला लांब जावे लागत नाही. १९१० मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती ग्रंथालय आणि विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय आपल्याच गावात आहे. ज्या संस्थानाच्या कारभारात आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांनी कारकुनी केली, त्याचे कागद नातवंडांनी वाचावेत, याहून चांगला प्रकल्प कोणता?

पालकांना विनंती, की मुलांना एकदा तिकडे घेऊन जावे. विश्वस्त मंडळाने गॅझेटियरच्या दोन्ही खंडांची छायाप्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी, असेही सुचवतो. आणि पुढच्या अंकापासून ह्या पानावर एकही सन आधाराशिवाय छापायचा नाही, हा नियम आम्ही आधी स्वतःला लावून घेत आहोत.