राष्ट्राची मिळकत आणि राष्ट्राचे मुद्दल

दोन शेजाऱ्यांचे उदाहरण घेऊ. वर्षअखेरीस दोघांच्या हाती सारखीच रक्कम आली. एकाने ती नारळ विकून मिळविली, दुसऱ्याने माडच तोडून विकले. केवळ रोकड मोजली तर दोघेही सारखेच सधन ठरतात. परंतु पुढील वर्षी दुसऱ्याच्या भाटात काय उरणार?

राष्ट्रांच्या आर्थिक प्रगतीची तुलना करताना हाच प्रश्न उद्भवतो. स्थूल देशांतर्गत उत्पादनात खाणीतून काढलेल्या खनिजाची किंमत जमेस धरली जाते. मात्र भूगर्भातील घटलेला साठा खर्ची पडत नाही. राष्ट्रीय उत्पन्नावरून लोककल्याणाचे अनुमान काढणे कठीण आहे, असा इशारा अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्येच दिला होता.

पॅसिफिक महासागरातील नाउरू हे अवघ्या २१ चौरस किलोमीटरांचे बेट १९६८ मध्ये स्वतंत्र झाले. फॉस्फेटच्या विक्रीमुळे १९७० नंतरच्या दशकात दरडोई उत्पन्नात त्याची गणना जगातील अग्रगण्य देशांत होत असे. पुढे खनिज सरत आले, गुंतवणुकी बुडाल्या आणि बेटाची बहुतांश भूमी उजाड झाली.

नॉर्वेने याउलट तेलाच्या उत्पन्नासाठी १९९० मध्ये कायद्याने निधी स्थापन केला. मुद्दल राखून सर्वसाधारणपणे अपेक्षित परताव्याइतकाच खर्च करावा, हा दंडक २००१ मध्ये घालून दिला. अर्थात, त्या तेलाच्या धुराने होणारी हानी या निधीच्या हिशेबात येत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

म्हणूनच जागतिक बँकेने ‘समायोजित निव्वळ बचत’ हे माप प्रचारात आणले. देशाच्या बचतीतून यंत्रसामग्रीची झीज, खनिजे व वने यांची घट आणि प्रदूषणाची हानी वजा करतात. शिक्षणावरील खर्च मिळवितात. बाकी सतत उणे येत असेल, तर तो देश मुद्दल खात आहे असे समजावे.

हा विषय गोमंतकीयांस परका नाही. लोहखनिजाच्या विक्रीमूल्याचा दहा टक्के भाग भावी पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. शिक्षकांनी वर्गात आणि ग्रामस्थांनी ग्रामसभेत प्रत्येक जमाखर्चाबाबत एवढेच विचारावे: हे नारळ विकले, की माड?