रस्त्याची बाजू : संकेत, शेजार आणि सत्ता

रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन हाकणे हे उजव्या बाजूने हाकण्यापेक्षा स्वभावतः अधिक योग्य आहे, असे म्हणण्यास आधार नाही. जगातील सुमारे एक तृतीयांश लोक डावा दंडक पाळणाऱ्या देशांत राहतात, उरलेले उजवा पाळणाऱ्या देशांत. आणि दोहोंकडील व्यवहार चालतो. अनर्थ ओढवतो तो समोरून येणाऱ्याने निराळी बाजू धरली म्हणजे. अशा नियमास 'संकेत' ही संज्ञा आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संकेताची जी मीमांसा केली, तिचा गाभा थोडक्यात असा : इतर सर्व जे करतील तेच आपण करण्यात प्रत्येकाचे हित असते, आणि ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते.

परंतु येथे 'इतर सर्व' म्हणजे कोण? एका राज्याची प्रजा, की रस्त्यावर प्रत्यक्ष गाठ पडणारे लोक? गोव्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. पोर्तुगालने १९२८ साली आपली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. गोवा, मोझांबिक आणि मकाव या वसाहतींत मात्र डावा दंडकच कायम राहिला. गोव्याचे रस्ते सावंतवाडी, बेळगाव व कारवार यांकडे जात, आणि सीमेपलीकडे ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात डावी बाजू रूढ होती. मोझांबिकही अशाच प्रदेशांनी वेढलेले होते. लिस्बनची सत्ता गोव्याच्या कायद्यावर व चलनावर चाले. रस्त्याच्या बाजूविषयी मात्र शेजाऱ्याचा व्यवहार प्रमाण मानावा लागला. म्हणूनच १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर चलन बदलले, राज्यकारभाराची भाषा बदलली; पण पणजीहून बेळगावास जाणाऱ्या वाहनचालकास बाजू बदलावी लागली नाही.

स्वीडनचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. तेथे डावा दंडक होता, तर शेजारच्या नॉर्वे व फिनलंड या देशांत उजवा. शिवाय स्वीडनमधील बहुतेक मोटारींचे स्टिअरिंग डावीकडे असे. त्यामुळे चालक रस्त्याच्या कडेला बसे व पुढील वाहनास ओलांडताना त्यास समोरचे नीट दिसत नसे. तरीही १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के मतदारांनी बदलास विरोध केला. हा विरोध अविचाराचा म्हणता येत नाही. बदलाचा त्रास तात्काळ व प्रत्येकास होणार होता, लाभ मात्र दूरचा होता. अखेर संसदेने १९६३ साली निर्णय घेतला आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता साऱ्या देशाची वाहतूक एकाच क्षणी उजवीकडे गेली. प्रारंभी अपघात घटले, कारण चालक अधिक सावध झाले होते. सवय जडताच ते प्रमाण पुन्हा वाढले.

सामोआ हे बेट-राष्ट्र असल्याने त्यास सीमेवरचा शेजार नाही. तथापि न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथील वापरलेल्या स्वस्त मोटारी आणता याव्यात, म्हणून २००९ साली तेथील वाहतूक उजवीकडून डावीकडे आणण्यात आली. येथे शेजाराचे स्थान बाजारपेठेने घेतले. ब्रह्मदेशात याच्या नेमके विपरीत घडले. १९७० साली तेथील शासनाने उजवी बाजू लागू केली. परंतु पुढे अनेक वर्षे देशात वाहने आली ती मुख्यतः जपानमधून, म्हणजे उजवीकडे स्टिअरिंग असलेली. परिणामी कित्येक बसगाड्यांचे दरवाजे रस्त्याच्या मध्याकडे उघडत, आणि उतारूंस रहदारीतच उतरावे लागे.

यावरून सत्तेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोहोंचा बोध होतो. संकेत बदलणे एकट्यादुकट्यास अशक्य असते; सर्वांनी एकाच क्षणी बदलावे, यासाठी तो क्षण ठरविणारी सत्ता आवश्यकच असते. स्वीडनच्या सरकारने ते कार्य केले. मात्र ज्या व्यवहारात तो संकेत गुंतलेला असतो, त्याच्याशी मेळ न घालता काढलेली आज्ञा पाळली गेली तरी तिचे मोल पादचारी व उतारू यांना द्यावे लागते.