मल्लांचें बिऱ्हाड

गेल्या श्रावणांत तलासरीकडील एका पाड्यावरचा आमचा एक विद्यार्थी मधल्या सुटींत आमच्याकडे आला. मुलगा कबड्डींत नामांकित, गणितांत मात्र बेताचा. त्यानें मोबाइलवर आम्हांस एक चलच्चित्र दाखविलें. समुद्रकांठीं एक घर. त्यांत गाद्यांनीं आच्छादिलेली मोठी खोली, शेजारीं स्वयंपाकघर व निजण्याच्या खाटा. आणि त्या गाद्यांवर देशोदेशींचे दहाबारा तरुण एकमेकांस धरून लोळत आहेत. "सर, हे भांडतात कीं खेळतात? आणि एकाच घरांत राहतात कसे?" असें त्यानें विचारिलें, आणि मग हळूच, "मला कोल्हापूरला तालमींत जायचं आहे," असेंहि सांगितलें.

चार दिवसांनीं त्याचे वडील शाळेंत आले. ते डहाणूच्या एका चिकूवाडींत कामास असतात. त्यांचा प्रश्न अधिक सरळ होता: "गुरुजी, पोराला तिथं मोडून टाकतील का?"

बापलेकांचे हे दोन्ही प्रश्न वस्तुतः एकच आहेत असें आम्हांस वाटलें, म्हणून हा लेख.

मुलानें दाखविलेला खेळ तो ब्राझिलियन जिउ-जित्सु. त्याचें मूळ जपानांत आहे. जिगोरो कानो हे आमच्याप्रमाणेंच व्यवसायानें शिक्षक. १८८२ सालीं तोकियो येथील एका बुद्धमंदिरांत बारा चटयांच्या जागेवर त्यांनीं आपली कोदोकान ही शाळा उघडली. कांहीं शिष्य त्यांच्याजवळच राहत. म्हणजे हें बिऱ्हाड तेव्हांपासूनचें. याच शाळेचा मल्ल मित्सुयो माएदा देशोदेशीं कुस्त्या करीत १९१४ मध्यें ब्राझीलला पोहोंचला, आणि पुढें बेलें या शहरीं कार्लोस ग्रेसी नांवाच्या तरुणास त्यानें ही विद्या दिली. कार्लोसचा धाकटा भाऊ हेलियो अंगानें किरकोळ होता. त्यानें बळापेक्षां तरफेच्या युक्तीवर भर दिला. आपल्या कुस्तींत पाठ टेकली कीं चितपट. या खेळांत पाठ टेकल्यावरच खरी झुंज सुरू होते. खालीं पडलेला गडी पाय वर घेऊन खालूनच डाव टाकतो.

हार कबूल करण्याची रीत तर फारच पाहण्यासारखी. सांध्यावर किंवा गळ्यावर पकड बसली कीं सांपडलेला मनुष्य प्रतिपक्ष्याच्या अंगावर अथवा गादीवर तळहातानें दोनतीन वेळां थोपटतो, व दुसऱ्यानें त्याच क्षणीं सोडावयाचें. क्षणभर अधिक धरल्यास कोपर निखळेल. तेव्हां, ज्याच्या हातीं आपली मान सकाळीं द्यावयाची, तो मनुष्य कसा आहे हें ठाऊक असणें किती अगत्याचें! एका छपराखालीं राहण्याचा अर्थ आम्हांस येथें लागला. सकाळीं ज्यानें गळा आवळला, तोच दुपारीं शेजारीं बसून कांदे चिरतो. पाहुणे कांहीं आठवडे राहतात, स्वयंपाक व झाडलोट वांटून घेतात. गाद्या रोज पुसाव्या लागतात आणि नखें कापलेलीं असावीं लागतात, कारण गजकर्ण गादीवरून सर्वांस लागतें. पट्टे पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी व काळा असे चढत जातात. काळ्यास बहुधा दहा वर्षें लागतात. परंतु भांडीं घांसण्यांतून त्या काळ्या पट्ट्यानें सुटका होत नाहीं.

आतां मुलाला जावयाचें त्या कोल्हापुराकडे वळूं. शाहू महाराजांनीं मल्लविद्येस राजाश्रय दिला. १९०२ मध्यें विलायतेच्या प्रवासांत त्यांनीं रोमचें प्राचीन क्रीडागार पाहिलें, आणि त्या धर्तीवर बांधविलेलें खासबागेचें मैदान १९१२ मध्यें खुलें झालें. तें बशीसारखें उतरतें असल्यामुळें शेवटच्या ओळींतल्या प्रेक्षकासहि डाव दिसतो. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत आजहि परगांवचे मल्ल राहतात. पहांटे अंधारांत उठावयाचें, जोर-बैठका काढावयाच्या, फावड्यानें हौदा उकरावयाचा. हौद्यांतली तांबडी माती साधी नसते. तींत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती मऊ राखतात. मातीस हात लावून, कपाळीं लावून मगच खेळ. वस्तादांचा शब्द शेवटचा. दुपारची झोंप ही चैन नव्हे, तो शिस्तीचा भाग आहे. (आमच्या नववीच्या वर्गास हा नियम फार आवडला.) एका मुलीनें विचारिलें, "आणि आम्ही?" तालमीची दारें मुलींस फार काळ बंद होतीं हें खरें, परंतु २०२३ मध्यें सांगलीस महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा झाली, हेंहि खरें.

वडिलांस आम्हीं लपवून कांहीं ठेविलें नाहीं. मोडून टाकीत नाहींत. मात्र कान सुजून तसेच राहतील, गुडघा धरेल. हाडांपेक्षां आम्हांस काळजी खर्चाची. दूध, तूप, बदाम हा खुराक बहुतेकांस घरूनच पुरवावा लागतो, आणि नांव निघेल तें शेंकड्यांतून एखाद्याचें. म्हणून दहावी उत्तीर्ण झाल्यावांचून जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मग आम्हीं त्यांस गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची हकीकत सांगितली. मातींत वाढलेला हा मल्ल १९४८ मध्यें लंडनच्या ऑलिंपिकमध्यें गादीवर उतरला व सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीस जाण्यास पैसे पुरेनात, तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथें जाधवांस जपानच्या शोहाचि इशी यानें हरविलें. हा इशी मूळचा जूडो खेळणारा, म्हणजे त्या कानोंच्याच विद्येंत वाढलेला! तो सुवर्णपदक घेऊन गेला, आणि जाधव कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

वडील बराच वेळ गप्प होते. "घर गहाण?" एवढेंच ते म्हणाले. आमच्याकडे गहाण ठेवण्याजोगें घर नाहीं, हें आम्हीं त्यांस हंसत सांगितलें, तेहि हंसले. शेवटीं असें ठरलें कीं, मार्चची परीक्षा आटोपल्यावर बापलेकांनीं व आम्हीं डहाणू रोडहून गाडी धरावी, मुंबईस गाडी बदलून कोल्हापूर गांठावें, दोन दिवस तालमींत बसून सर्व डोळ्यांनीं पाहावें, आणि मग काय तें ठरवावें.

निघतांना दारांत थांबून त्यांनीं विचारिलें, "वस्तादांना करंडीभर चिकू नेले तर चालतील ना?"

मुलगा मात्र त्या दिवसापासून बीजगणिताची वही घेऊन रोज मधल्या सुटींत आमच्याकडे येतो.