लेख की जाहिरात? शेती मासिक वाचताना करावयाची पारख

गेल्या खरिपात सोयाबीनच्या शिवारफेरीसाठी निलंगा तालुक्यात औराद शहाजानी रस्त्यावरील एका गावी जाणे झाले. फेरी आटोपल्यावर एका ज्येष्ठ शेतकऱ्यांनी घरी चहाला नेले आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून उघडली. आत एका शेती मासिकाचे वीस-बावीस वर्षांचे अंक होते, वर्षवार गठ्ठे करून सुतळीने बांधलेले. जुन्या अंकांच्या समासात पेन्सिलीने टिपणे केलेली होती. 'पेरणी १८ जून, उगवण बरी.' 'खालच्या रानात जमले, माळावर नाही.' एके ठिकाणी तर नुसते 'चूक' एवढेच. अलीकडच्या अंकांना मात्र सुतळी नव्हती. तीन-चार अंकांचे तर टपालाचे वेष्टनही फोडलेले नव्हते.

"सर, वर्गणी अजून भरतो," ते म्हणाले. "पण वाचावं काय त्यात? पयलं मास्तरावानी सांगायचं, आता दुकानदारावानी सांगाय लागलंय."

त्यांच्या नाराजीमागे कारण होते. आदल्या वर्षी त्याच मासिकातील एक लेख वाचून त्यांनी चार एकर सोयाबीनवर फुलोऱ्यात एका द्रव संवर्धकाच्या दोन फवारण्या केल्या. औषध आणि मजुरी मिळून एकरी अठराशे रुपये गेले. शेजारच्या न फवारलेल्या रानात आणि त्यांच्या रानात काट्यावर काही फरक निघाला नाही. पुढे पुन्हा लेख चाळताना शेवटी दिलेला 'अधिक माहितीसाठी' दूरध्वनी क्रमांक विक्रेत्या कंपनीचाच असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. मासिकाचे नाव येथे देत नाही. अशी तक्रार एकाच मासिकाबद्दल नाही आणि एकाच वाचकाचीही नाही.

जाहिरात असणे हा दोष नव्हे

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, मासिकाने जाहिरात छापणे गैर नाही. कागद, छपाई, टपाल आणि लेखकांचे मानधन यांचा खर्च केवळ वर्गणीतून क्वचितच भागतो. मोबाइलवर माहिती फुकट मिळू लागल्यापासून वर्गणीदार कमी झाले आणि जाहिरातदारावरचे अवलंबित्व वाढले. जाहिरातीतून शेतकऱ्याला नवे अवजार किंवा नवे वाण कळते, हाही फायदाच आहे.

किंबहुना मराठीतील एक नामवंत मासिक जाहिरातीच्याच पोटी जन्मले. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघालेले 'किर्लोस्कर खबर' हे नांगर, चरक बनविणाऱ्या कारखान्याचे पत्र होते. शंकरराव किर्लोस्करांनी त्याला असे वळण दिले की पुढे 'किर्लोस्कर' म्हणून ते घरोघरी वाचले गेले. येथे कोणाची फसवणूक नव्हती. हे पत्र कारखान्याचे आहे हे नावातच लिहिलेले होते.

उलट प्रवासही घडतो. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेती आणि बागकामाचे मासिक सुरू केले. खत कसे कुजवावे, वाफा कसा करावा हे शिकविणारे ते पत्र 'ऑरगॅनिक गार्डनिंग' या नावाने सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकले. २०१५ मध्ये त्याचे नाव व रूप बदलून ते राहणीमानाचे गुळगुळीत मासिक करण्यात आले आणि २०१७ मध्ये त्याची छापील आवृत्तीच थांबली.

खरा दोष आहे तो जाहिरातीने लेखाचा वेष घेण्यात. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेनुसार जाहिरात ही मजकुरापासून स्पष्टपणे वेगळी ओळखू आली पाहिजे. प्रत्यक्षात 'पुरस्कृत', 'विशेष उपक्रम', 'कंपनी वार्ता' असे शब्द कोपऱ्यात बारीक टाइपात असतात, आणि कित्येकदा तेही नसतात.

यवतमाळचा धडा

आपल्या शेजारच्या विदर्भात घडलेला एक प्रकार या संदर्भात पाहण्यासारखा आहे. एका मोठ्या इंग्रजी दैनिकाच्या, टाइम्स ऑफ इंडियाच्या, नागपूर आवृत्तीत २००८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव या गावांवर पानभर वृत्तांत आला होता. बीटी कपाशीने या गावांची कशी भरभराट झाली, असा त्याचा आशय. ऑगस्ट २०११ मध्ये तोच मजकूर त्याच दैनिकात पुन्हा छापून आला. या वेळी तो बियाणे तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरात-उपक्रमाचा भाग होता आणि तशी नोंद अगदी बारीक अक्षरांत होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१२ मध्ये 'द हिंदू'मध्ये हे उघड केले. त्याच वर्षी संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीचे सदस्य भांबराजा येथे गेले असता गावकऱ्यांनी त्यांच्यापुढे तोट्याची आणि आत्महत्यांची वेगळीच हकिकत मांडली.

बीटी कपाशी चांगली की वाईट हा येथे मुद्दा नाही. बोंडअळीवर सुरुवातीच्या काळात तिचा उपयोग झाला हे नाकारता येत नाही, आणि पुढे गुलाबी बोंडअळीने तिला दाद दिली नाही हेही आपण पाहिले. मुद्दा एवढाच की, तीन वर्षांपूर्वी बातमी असलेला मजकूर एक शब्दही न बदलता जाहिरात होऊ शकला. मग २००८ साली तो वाचणाऱ्या शेतकऱ्याने तो काय समजून वाचायचा होता?

जे विकता येत नाही ते पानावरून जाते

लेखाच्या वेषातल्या जाहिरातीमुळे खिशातून जाणारे पैसे मोजता येतात. दुसरे नुकसान मोजता येत नाही आणि माझ्या मते तेच मोठे आहे. ज्या सल्ल्यामागे कोणी विक्रेता नसतो, त्याला मासिकात हळूहळू जागाच उरत नाही.

सोयाबीनचेच उदाहरण घेऊ. पेटीतील एका जुन्या अंकात घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासण्यावर दोन पाने होती. सोयाबीन हे स्वपरागीभवन होणारे पीक आहे. सुधारित वाणाचे प्रमाणित बियाणे एकदा घेतल्यास पुढील दोन वर्षे त्याचे घरचे बियाणे वापरता येते. मात्र याचे टरफल पातळ, पोती उंचावरून आपटली किंवा मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला तर बी आतून दुखावते आणि वरून तसे दिसत नाही. म्हणून पेरणीपूर्वी पोत्यातील वरचे, मधले व खालचे बी एकत्र करून त्यातून सरसकट शंभर दाणे मोजावेत, निवडून चांगले तेवढे घेऊ नयेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून वर दुसरे गोणपाट टाकावे, गुंडाळी करून सावलीत ठेवावी व गरजेप्रमाणे पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी उघडून निकोप कोंब मोजावेत. सत्तर किंवा अधिक आल्यास शिफारशीत बियाणे वापरावे. त्याहून थोडे कमी असल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे, आणि फारच कमी असल्यास ते पेरू नये.

यात विकण्यासारखे काय आहे? शंभर दाणे आणि एक गोणपाट! पेरणीयोग्य म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नये, या सूचनांनाही जाहिरातदार मिळत नाही. तरीही २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी झालेल्या पावसाने बियाण्याची प्रत खालावली होती. अशा वर्षी एप्रिल-मेच्या अंकात गोणपाटाच्या त्या दोन पानांचे मोल फुलोऱ्यातल्या कोणत्याही बाटलीपेक्षा अधिक असते.

येथे आम्हा विद्यापीठातील मंडळींचाही दोष मान्य केला पाहिजे. आमचे लेख अनेकदा हंगाम उलटल्यावर येतात, भाषा प्रबंधाची असते आणि तीच शिफारस दरवर्षी त्याच शब्दांत छापली जाते. रंगीत मासिकाकडे वाचक गेला त्याला हेही एक कारण आहे.

लेख कसा तपासावा?

लेखात उत्पादनवाढीचा दावा असेल तर सर्वप्रथम तुलना कोणाशी केली आहे ते शोधावे. विहीर बागायत, रुंद वरंबा-सरीवर पेरलेल्या, वेळेवर कोळपलेल्या शेतातून एकरी बारा क्विंटल येतात. लेखात त्याची तुलना तालुक्याच्या सात क्विंटलांशी होते आणि मधल्या पाच क्विंटलांचे श्रेय बाटलीला मिळते. वास्तविक तुलना त्याच शेतातील, त्याच दिवशी पेरलेल्या, फक्त ते औषध न फवारलेल्या पट्ट्याशीच हवी. असा पट्टा लेखात नसेल तर पुढचे आकडे वाचून उपयोग नाही.

दुसरे, प्रयोग किती वेळा केला? एकाच शेतातील शेजारशेजारच्या दोन सारख्या वाफ्यांतही उत्पादनात सहज दहा टक्के फरक येतो. माती सारखी नसते, पाणी सारखे मुरत नाही. म्हणूनच विद्यापीठात एकच उपचार अनेक वाफ्यांत, निरनिराळ्या हंगामांत घेतला जातो. त्यानंतर चारही कृषि विद्यापीठांच्या संयुक्त कृषि संशोधन व विकास समितीत चर्चा होऊन ती शिफारस मान्य होते. एका शेतकऱ्याचा हसरा फोटो म्हणजे एक वाफा, तोही निवडलेला.

'पर्यंत' या शब्दाकडेही लक्ष द्यावे. 'पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढ' यात शून्य टक्केही बसतात.

तिसरे, हिशेब आपण स्वतः करावा. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. एकरी १,८०० रुपये खर्च फक्त भरून निघण्यासाठी ३४ किलो जादा उत्पादन यावे लागते. बाजारात भाव ४,२०० मिळाला तर ४३ किलो. हमीभावापेक्षा कमी दराचा अनुभव २०२४ च्या हंगामात आपण घेतलाच आहे. आठ क्विंटल पिकणाऱ्या रानात ३४ किलो म्हणजे जेमतेम चार टक्के. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही. 'पीक हिरवेगार झाले' ही साक्ष म्हणूनच पुरेशी नाही. सोयाबीन नुसते हिरवे राहून शेंगा कमी लागल्याचे आपणही पाहिले असेल.

चौथे, बाटलीवरील मजकूर लेखाशी ताडून पाहावा. कीडनाशकांसाठी १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत वापरावे हे वेष्टनावर व आतील माहितीपत्रकात द्यावेच लागते. लेखात दुसरे पीक किंवा दुसरी मात्रा दिली असेल तर लेख बाजूला ठेवावा. 'टॉनिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या जैव-उत्तेजकांना फार काळ असे बंधन नव्हते. २०२१ मध्ये ती खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली आणि तात्पुरत्या प्रमाणपत्रावरील विक्रीची मुदत जून २०२५ मध्ये संपली. तेव्हा दुकानदाराकडे कच्ची पावती न घेता पक्के बिल मागावे. बिल द्यायला तो का-कू करत असेल तर त्यातच काय ते समजावे.

आपल्या रानात चाचणी

एवढे करूनही एखादे निविष्ठा वापरून पाहावेसे वाटल्यास पूर्ण शेतावर एकदम वापरू नये. शेतात तीन वेगवेगळ्या ठिकाणी चार-चार तासे न फवारता सोडावीत व दोन्ही टोकांना काठी रोवून खूण करावी. काढणीच्या वेळी न फवारलेल्या चार तासांचा दहा मीटर लांबीचा तुकडा आणि लगतच्या फवारलेल्या चार तासांचा तेवढाच तुकडा वेगवेगळा कापावा, मळावा, वाळवून तोलावा. तासांतील अंतर ४५ सेंटिमीटर असल्यास हा तुकडा १८ चौरस मीटरचा होतो. आलेल्या किलोंना सव्वादोनने गुणले की एकरी क्विंटल उत्पादन मिळते. तिन्ही ठिकाणी फवारलेला तुकडा सरस ठरला तरच पुढच्या वर्षी खर्चाचा विचार करावा. एका ठिकाणी वर, एका ठिकाणी खाली असे आल्यास तो फरक जमिनीचा समजावा.

मासिक बंद करावे का, असे त्या शेतकऱ्यांनी मला विचारले होते. मी तसा सल्ला दिला नाही. वर्गणीदार गेला की मासिकाचे ऐकणारा फक्त जाहिरातदारच उरतो. संपादकांना पत्र लिहावे, असे सुचविले. त्यांनी त्याच संध्याकाळी वहीचे पान फाडून लिहायला घेतले. त्या लेखातील प्रयोग कोणत्या गावी झाला, न फवारलेल्या पट्ट्यात किती पिकले आणि लेखाचे पैसे कोणी दिले, असे तीन प्रश्न त्यात होते. शेवटी घरच्या बियाण्याच्या उगवणीचा लेख पुढच्या एप्रिलच्या अंकात पुन्हा छापावा अशी विनंती होती, आणि जुना अंक मिळत नसेल तर आपल्याकडील प्रत पाठवितो, असेही लिहिले होते.