प्रज्ञाचक्षू पंडितजी आणि त्यांचे वाचक
सौराष्ट्रातील लिमली गावी, १८८० साली, एका व्यापारी जैन कुटुंबात सुखलाल संघवी जन्मले. सोळाव्या वर्षी देवीच्या रोगाने त्यांची दृष्टी हिरावली. दुकानाच्या गादीवर बसण्याचा मार्ग खुंटला. परंतु ज्ञानाची ओढ त्यांना १९०४ साली काशीला घेऊन गेली. कोणी ग्रंथ वाचून दाखवी, ते ऐकून मुखोद्गत करीत. ते विवेचन सांगत, दुसरा उतरवून घेई. अशा रीतीने, पंडित बेचरदास दोशी यांच्या साहचर्याने, त्यांनी ‘सन्मतितर्क’ संपादिले, पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात जैनदर्शन शिकविले. १९७४ साली ते पद्मभूषण झाले.

शास्त्राला आपण ‘श्रुत’ म्हणतो, म्हणजे ऐकलेले. मग ऐकून शिकणारा उणा कसा?

शाळा-पाठशाळांतून हे चरित्र सांगताना पंडितजींच्या प्रज्ञेइतकाच त्या वाचकांचाही उल्लेख व्हावा. कोणाची सोबत, कोणती सोय लाभली, हे कळले तरच मुलांना दिव्यांगांचा इतिहास उमगेल. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य करून समावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर सोपविली आहे. घरातल्या अशा मुलाला पाहुण्यांसमोर आत बसविण्याऐवजी त्याच्याशेजारी पुस्तक घेऊन बसणे, ही जबाबदारी मात्र आपली.